उजव्या डोळ्याची नोंदवही

आमच्या घरमालकांनी बावीस वर्षांत मला एकदाही लेखी भाडेकरार करून दिला नाही, आणि त्याबद्दल मी त्यांना एकंदर अकरा नोटिसा दिल्या. तोंडी नोटिशीला पुराव्यात काही किंमत नसते, म्हणून प्रत्येक नोटीस मी रजिस्टर पोस्टाने पाठवीत असे. ते खालच्या मजल्यावर राहत, मी वरच्या. पोस्टमन पोचपावतीवर त्यांची सही घेऊन जाई आणि पाचव्या मिनिटाला ते बंद पाकीट हातात धरून जिना चढून माझ्या दारात उभे राहत.

"साहेब, तुमचंच पत्र आलंय बगा. वाचून दावा."

त्यांचे शिक्षण तेलुगू शाळेतले. छापील मराठी ते अडखळत वाचीत, माझे हस्ताक्षर मात्र त्यांना मुळीच लागत नसे. मग मी दिलेली नोटीस मीच फोडून, प्रत्येक 'सबब' आणि 'अन्यथा' यांवर योग्य तो जोर देऊन मोठ्याने वाची. ते डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून ऐकत. वाचन संपले की म्हणत, "छान लिवलंय. चला खाली, च्या प्या." करार का करीत नाही, या माझ्या प्रश्नाला त्यांचे एकच उत्तर असे: कागदावर आले की भांडण येते. आता भांडण कागदाआधीच वर्षानुवर्षे चालू होते, हे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिले. त्यावर ते म्हणाले की, मग कागद कशाला पाहिजे.

सोलापूरच्या पूर्व भागात सगळे त्यांना मास्तर म्हणत. ते शाळेतले मास्तर नव्हेत. चादरीच्या कारखान्यात नक्षी काढण्याचे काम त्यांनी चाळीस वर्षे केले. चौकटींच्या कागदावर एकेक चौकोन रंगवायचा, त्याबरहुकूम पुठ्ठ्यांना भोके पाडायची, आणि ती भोके पाहून मागावरचे धागे वरखाली होऊन चादरीवर मोर उतरायचा. त्यांच्या गळ्यात जानव्यासारखी एक दोरी असे आणि तिला एक घडीचे पितळी भिंग बांधलेले असे. भिंगाच्या पायाशी एक इंचाची चौकोनी खिडकी. ती कापडावर टेकवायची आणि खिडकीत किती धागे बसतात ते मोजायचे. मास्तर हे भिंग कोठेही टेकवीत. बसच्या आसनावर, लग्नमंडपाच्या पडद्यावर, समोर बसलेल्या पाहुण्याच्या बाहीवर. माझे मेहुणे पहिल्यांदा घरी आले तेव्हा नमस्कार करण्यापूर्वी मास्तरांनी त्यांचा सदरा मोजला, आणि तो कितीला घेतला हे न विचारता फसलात एवढेच सांगितले.

त्यांच्या घरात कात्री नव्हती. म्हणजे अक्कांची होती, अक्का म्हणजे त्यांच्या पत्नी, पण ती मास्तरांच्या नजरेआड पिठाच्या डब्यामागे असे. मागावरच्या कापडाला कात्री लावायची नाही, चूक सापडली तर धागा धागा उसवत मागे जायचे, हा विणकराचा नियम त्यांनी सर्व संसाराला लावला होता. दुकानातून आलेल्या पुड्याची गाठ ते नखाने सोडवीत, मग त्यात पाव तास जावो. मी पाकीट टर्रकन फाडले की त्यांचा चेहरा असा होई, जणू मी त्यांचेच काही फाडले.

माझ्याविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण पुढील हकिकतीत मी साक्षीदार आहे. मी न्यायालयीन कचेरीतून निवृत्त झालो, वकील नव्हे, पण कायदा वाचलेला माणूस. पत्रे लिहितो. पाणी पाच दिवसांआड येते त्याबद्दल लिहितो, मंगल कार्यालयाच्या भोंग्यांबद्दल लिहितो. अलीकडच्या काळात रस्त्यावर जे नवे पथदिवे लागले त्यांच्या प्रत्येकाभोवती प्रकाशाचे कडे पसरून डोळ्यांस त्रास होतो, याबद्दल मी चार पत्रे लिहिली होती. वृत्तपत्राच्या संपादकांना शाई दिवसेंदिवस फिकट वापरली जात असल्याबद्दल दोन. पैकी कोणीही समाधानकारक उत्तर दिले नाही.

मास्तरांची आणि माझी खरी गट्टी जमली ती एका चादरीवरून. भाचीच्या लग्नात देण्यासाठी मी बाजारातून पहिल्या प्रतीची म्हणून एक चादर आणली. मास्तरांनी ती पाहिली आणि त्यांना आनंद झाला, कारण तिच्यावरचा मोर त्यांनीच काढलेला होता. मग त्यांनी भिंग टेकवले आणि आनंद मावळला. त्यांच्या घरच्या, मागावरून उतरलेल्या पहिल्या चादरीत इंचाला बेचाळीस धागे होते. माझ्या चादरीत छत्तीस. तोच मोर, तेच रंग, आणि सहा धाग्यांची चोरी. मी ग्राहक आयोगात गेलो. मास्तर साक्षीला आले. प्रतिपक्षाच्या वकिलांनी विचारले, तुमच्याकडे वस्त्रशास्त्राची पदवी आहे काय? मास्तर म्हणाले, न्हाई. मग पुढे वाकून त्यांनी वकिलांच्या काळ्या कोटाकडे रोखून पाहिले आणि सांगितले की, कोटाला इंचात अठ्ठावन्न हायत, कोपरावर कमी भरतील, झिजलाय. सदस्य महोदया हसल्या. निकाल माझ्या बाजूने लागला. अपिलाची मुदत संपल्यावर ती चादर 'निशाणी अ' या चिठ्ठीसह मला परत मिळाली आणि मी ती लोखंडी कपाटात जपून ठेवली. भाचीला भांडे दिले.

या गोष्टीला सहा वर्षे झाली असतील, तेव्हा मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू धरला. आमच्या गल्लीत तपासणी करणाऱ्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, स्वच्छ बोलणाऱ्या. दोन्ही डोळ्यांना ऑपरेशन लागेल असे त्यांनी सांगितले. मास्तर घरी आले आणि अक्कांना म्हणाले, मागावरच्या कापडाला कात्री लावा म्हणतीय ती. विषय संपला.

आठवड्याभरात त्यांच्या मोबाइलवर एक जाहिरात आली. एका लहानशा बाटलीभोवती गाजरे, जांभळे आणि एक हसतमुख म्हातारा. 'शस्त्रक्रियेविना मोतीबिंदू विरघळवा. अँटिऑक्सिडंट थेंब.' मास्तरांनी बाटली मागवली, आणि तिचे शास्त्र मला माझ्याच गॅलरीत बसून समजावून सांगितले. लोखंडाला हवा लागून गंज चढतो, तसा डोळ्याच्या भिंगाला चढतो. हे थेंब तो गंज उतरवतात, हळूहळू, कणाकणाने. "म्हंजे उसवत मागं जायचं की, साहेब. कात्री न लावता."

मला जो संताप आला त्याचे वर्णन करीत नाही. मोतीबिंदू बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात देण्यास कायद्याने मनाई आहे. त्या अधिनियमाच्या अनुसूचीत मोतीबिंदूचे नाव स्पष्ट छापलेले आहे. मी त्याच दुपारी तक्रारीचा मसुदा केला. पण तक्रारीला पीडित व्यक्ती हवी, आणि माझी एकमेव पीडित व्यक्ती अत्यंत समाधानी होती. मास्तर म्हणाले, चालत्या मागात बोट घालू नका.

शेवटी तडजोड झाली. मास्तर म्हणाले, परीक्षा घेऊ. सूत रंगवताना एक लडी कोरी ठेवतात, मग रंग किती चढला ते ताडून बघता येते. तसा उजव्या डोळ्यात थेंब, डावा डोळा कोरा. रोज सकाळी आठ वाजता, माझ्या गॅलरीतल्या उजेडात, टेबलावर पसरलेल्या त्यांच्या घरच्या चादरीवर भिंग टेकवायचे आणि एकेका डोळ्याने मोजायचे. आकडे वहीत लिहायचे. साक्षीदार म्हणून खाली माझी सही. कल्पना इतकी निर्दोष होती की मला ती स्वतःला सुचली नाही याचा किंचित मत्सर वाटला. मी अंदाज बांधला की चार महिन्यांत दोन्ही डोळे सारखेच उतरतील आणि ही वही कंपनीविरुद्धचा माझा सर्वांत बळकट पुरावा ठरेल.

आणि वही नेमकी उलट बोलू लागली.

उजवा बेचाळीस, डावा बेचाळीस. हा पहिला पंधरवडा. मग डावा चाळीस. उजवा बेचाळीस. डावा अडतीस. उजवा बेचाळीस. मास्तर भिंगावर वाकत, ओठ हलवीत, आकडा सांगत. मी लिहीत असे आणि सही करीत असे. पाचव्या महिन्यात डावा पस्तिसांवर आला आणि उजवा जागचा हलला नव्हता. मास्तर जाता-येता कोणालाही थांबवून वही दाखवीत. दूधवाल्याने दोन बाटल्या मागवल्या. माझी कंपनीविरुद्धची तक्रार खणात पडून राहिली आणि तिच्यावर माझ्याच सह्यांचा, माझ्याच हातच्या दीडशे सह्यांचा, ढीग चढत गेला. खोटे मी काही लिहिले नव्हते. जे सांगितले गेले ते लिहिले होते. न्यायालयात आयुष्य काढलेल्या माणसाला या दोन वाक्यांत काय अंतर असते ते समजायला हवे होते.

सातव्या महिन्यात अक्कांनी मास्तरांना अक्षरशः ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेले. मीही वही घेऊन गेलो. बाईंनी यंत्रावर दोन्ही डोळे तपासले आणि दोन्ही सारखेच पिकल्याचे सांगितले. मास्तरांनी वही पुढे केली. बाईंनी ती हसण्यावारी नेली नाही, पाने उलटून नीट पाहिली; हे मी त्यांच्या बाजूने नमूद करतो. म्हणाल्या की, आजोबा, गंजाची कल्पना अगदीच खुळी नाही, मोतीबिंदू होण्यात तशा क्रियेचा भाग असतो. पण वाढलेला मोतीबिंदू थेंबांनी विरघळतो हे अजून कोणी सिद्ध केलेले नाही. "भाजलेल्या भाकरीचं पुन्हा पीठ होत नाही." आणि फार पिकू दिला तर ऑपरेशनही अवघड होईल, डोळा गमवायची वेळ येईल, फार दिवस थांबू नका, असे त्यांनी आम्हां तिघांकडे पाहून सांगितले.

रिक्षात मास्तरांनी वही मिटून मांडीवर घेतली. मग म्हणाले, यंत्र एकदा बघतंय, मी दोनशे दिवस बघालालोय.

त्या दिवशी मी जेवलो नाही. यंत्र खोटे की वही खोटी, याचा विचार करीत बसलो. आणि संध्याकाळी एकदम लक्षात आले की दोनशे दिवस आम्ही साक्षीदाराला एकच प्रश्न विचारीत होतो, आणि त्याचे उत्तर त्याला पहिल्या दिवसापासून पाठ होते. चादर त्यांची. मोर त्यांचा. बेचाळीस हा आकडा त्यांना स्वतःच्या वयापेक्षा पक्का ठाऊक. उजव्या डोळ्याकडून त्यांची जी अपेक्षा होती ती उजवा डोळा पुरी करीत होता, डाव्याकडून जी होती ती डावा. मास्तरांसारखा, खोटे बोलणे म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही असा माणूसच अशा रीतीने चुकू शकतो.

दुसऱ्या दिवशी आठ वाजण्यापूर्वी मी टेबलावरची चादर उचलून घडी करून ठेवली, आणि कपाटातली निशाणी अ काढून चिठ्ठीचा कोपरा आत दुमडून तिच्या जागी पसरली. ज्या माणसाने माझ्यासाठी साक्ष दिली त्यालाच मी सापळा लावीत होतो. या कृत्याला कायद्यात नाव आहे की नाही ते मी अद्याप शोधलेले नाही.

मास्तर आले. पाठोपाठ अक्का चहा घेऊन आल्या. मास्तरांनी डावा डोळा हाताने झाकला, भिंग टेकवले, ओठ हलले.

"बेचाळीस."

मग उजवा झाकला. "तेहतीस. उतरालाय अजून."

मी वही उघडली नाही. त्यांनी वाट पाहिली, मग विचारले, लिवत न्हाई का साहेब? मी दुमडलेला कोपरा सरळ केला. ती चिठ्ठी त्यांना वाचता येणे शक्य नव्हते, पण मी काहीतरी केले आहे हे त्यांना कळले. त्यांनी भिंग सोडले आणि चादरीची कड अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून एकदा चोळली. एकदाच.

"ही माझी न्हवं," ते म्हणाले. "छत्तीस हाय ही. कोर्टातली."

बोटांना कळले ते एका क्षणात. डोळ्यांना दोनशे दिवसांत कळले नव्हते. ते खुर्चीवर बसले आणि वहीकडे पाहत राहिले.

"मग मी इतकं दिवस काय मोजत हुतो, साहेब?"

माझ्याजवळ उत्तर होते, पुराव्याच्या कायद्यातले, परिच्छेदासह. ते मी दिले नाही. अक्कांनीच चहाचा कप त्यांच्या हातात नेमका ठेवला आणि म्हणाल्या, "सात म्हैने झालं, तुमी बनियन उलटं घालालाव. त्याची वही कोण ठेवायचं?"

मास्तरांनी सदऱ्याच्या गळ्यात बोट घालून बनियन चाचपले. शिवण बाहेर होती. प्रथम अक्का हसल्या, मग मास्तर, आणि मग मी, आणि माझ्या नाकातून चहा आला, हे सत्याच्या हितासाठी नमूद करतो.

ऑपरेशनला ते लगेच तयार झाले असे मात्र नाही. डॉक्टरीणबाईंना त्यांनी एकच गोष्ट विचारली: किती कापणार? बाईंनी सांगितले की फट जेमतेम अडीच मिलिमीटरची असते, टाकासुद्धा घालावा लागत नाही. मास्तरांनी डोळे मिटून हिशेब केला. इंचाला बेचाळीस, म्हणजे अडीच मिलिमीटरला चार धागे. "चार धाग्याची फट," ते म्हणाले, "टाका न्हाई. एवढं चालतंय." डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांना खुणेनेच सांगितले की संमती मिळाली आहे.

आधी उजवा डोळा झाला, महिन्याने डावा. दुसरी पट्टी निघाली त्याच्या दुसऱ्या सकाळी मास्तर आठाच्या ठोक्याला गॅलरीत. घरची चादर मोजली: बेचाळीस, दोन्ही डोळ्यांनी. निशाणी अ मोजली: छत्तीस. माझा नवा टॉवेल मोजला आणि फसलात म्हणाले. मग वही मागून घेतली. स्वतःचे खोटे आकडे एकदा बघायचे आहेत, असे म्हणाले. वही ते खाली घेऊन गेले आणि चार दिवस त्यांनी ती परत दिली नाही.

त्याआधीच, दोन ऑपरेशनांच्या मधल्या महिन्यात, मी कंपनीला पत्र पाठवले, वहीच्या पानांच्या प्रती जोडून, अधिनियमाच्या उल्लेखासह. कंपनीचे उत्तर त्वरित आले. आपल्या असुविधेबद्दल खेद वाटतो असे लिहून त्यांनी एक बाटली विनामूल्य पाठवली होती. ती मी लाखेने मोहोरबंद करून ठेवली आहे. प्रकरण संबंधित खात्याकडे आहे.

वही खाली गेल्याच्या सातव्या दिवशी पोस्टमन पोचपावतीवर सही घ्यायला प्रथमच माझ्या दारात आला. रजिस्टर पाकीट. पाठवणाऱ्याचा पत्ता आमच्याच घराचा, खालच्या मजल्याचा. मी पाकीट फाडणार एवढ्यात कोणीतरी जिन्यातून खाकरले, म्हणून मी ते गोंदापाशी हलके ओले करून उघडले. आत नक्षीचा चौकटींचा कागद होता. कागदावर करड्या रंगाचे पुष्कळ ठिपके होते. मी तो खिडकीशी नेला, लांब धरला, जवळ धरला. ठिपकेच राहिले.

मास्तर दारात उभे होते.

मी म्हणालो, "वाचून दाखवा."

त्यांनी कागद घेतला. एकेका चौकोनात एकेक अक्षर रंगवले होते. चार दिवस त्यात गेले होते, आणि मराठी अक्षरे त्यांनी अक्कांच्या पंचांगातून बघून उतरवली होती. त्यांनी तो उभ्याने, माझ्यासारखाच प्रत्येक ठिकाणी जोर देत वाचला.

"वरच्या मजल्याच्या साहेबांस नोटीस देण्यात येते की, वहीतली तुमची सही पहिल्या म्हैन्यात रेघेवर हाय. तिसऱ्या म्हैन्यात रेघेखाली गेली. सातव्या म्हैन्यात माझ्या आकड्यावर चढली. रस्त्यावरचं दिवं चांगलं हायत, मी बगितलं. पेपरची शाई पण काळीच हाय. सबब येत्या सोमवारी डोळ्याच्या बाईंकडं हजर व्हावं. अन्यथा घर खाली करावं."

मी त्यांना सांगितले की, उभयतांमध्ये लेखी करारच नसल्याने ही नोटीस कायद्यापुढे टिकणार नाही. ते म्हणाले, नसंल टिकत. मग मी कागद परत घेतला आणि काहीतरी म्हणायला हवे म्हणून म्हणालो, "छान लिहिलंय. या आत, चहा घ्या."

"च्या सोमवारी," मास्तर म्हणाले. "दवाखान्यातनं आल्यावर."

माझ्या अकरा नोटिसांपैकी एकीचेही पालन झाले नाही. त्यांची एकच होती, आणि ती मी मुदतीत पाळली.

गेल्या वर्षी मास्तर आणि अक्का मुलीकडे भिवंडीला राहायला गेले. खाली आता कुलूप असते. घर मी राखतो, अर्थात कराराविना. ऑपरेशननंतर माझे दोन्ही डोळे उत्तम आहेत. वृत्तपत्राच्या संपादकांना शाईबाबतची तक्रार मागे घेत असल्याचे मी रीतसर कळवले. पथदिव्यांची तक्रार मात्र मागे घेतलेली नाही, कारण आमच्या कोपऱ्यावरचा एक दिवा खरोखरच बंद आहे. भिवंडीला जाण्यापूर्वी मास्तरांनी तो गॅलरीतून स्वतः पाहिला, आणि माझ्या पाचव्या पत्रावर साक्षीदार म्हणून त्यांची तेलुगू सही आहे, रेघेवर.